राजीनाम्यावर सही करण्याआधी हा हिशेब वाचा

पत्र

नमस्कार काका,

मी मूळची वाळपईकडची, लग्नानंतर फोंड्याला असते. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला आहे. येत्या 31 मार्चला चार वर्षे सात महिने होतील. ऑर्डर कमी झाल्या म्हणून आमच्या लाइनवरच्या अकरा जणींना मार्चअखेर काम संपेल असे तोंडी सांगितले आहे. कागद दिलेला नाही. उलट ऑफिसात एकेकीला बोलावून राजीनाम्याचा छापील फॉर्म पुढे केला. त्यात ‘स्वखुशीने’ असे लिहिले आहे. सही केली तर वर 20,000 रुपये देऊ आणि आठवड्यात हिशेब मिटवू, नाही केली तर पैसे अडकतील, असे म्हणतात. चौघींनी सही केली. मी अजून केलेली नाही.

माझा पगार बेसिक आणि डीए मिळून 18,000 आहे, वेगळे भत्ते नाहीत. गेल्या एप्रिलच्या आधी 16,000 होता. गेल्या पावसात सासूबाईंचे ऑपरेशन झाले तेव्हा जून आणि जुलै बिनपगारी रजा घेतली होती, ती मंजूर होती. पगारातून दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 135 रुपये जातात. मैत्रीण म्हणते, काम गेले की ईएसआयवाले तीन महिने अर्धा पगार देतात, म्हणजे 27,000. ऑफिसातला क्लार्क म्हणतो, तुम्ही भरले तेवढेच परत मिळणार. खरे काय? माझे भरले किती आणि मिळणार किती? मिस्टरांची रिक्षा आहे, पण मुलगा आता दहावीला जाईल.

ता. क. माझा धाकटा दीर सीझनला कळंगुटच्या एका हॉटेलात असतो. तिथे वीसेक माणसे आहेत, पण त्याच्या पगारातून ईएसआय कापत नाहीत. ते चांगले की वाईट?

— पॅकिंगवाली, फोंडा

उत्तर

ताई, तुम्ही सही केली नाहीत हे फार बरे केलेत. अजून करू नका. तुमच्या दोन्ही प्रश्नांचे आकडे खाली मांडतो, पण आधी एवढे लक्षात घ्या की तुम्हाला किती मिळणार हे 135 रुपयांवर जितके अवलंबून आहे त्याहून जास्त त्या ‘स्वखुशीने’ या एका शब्दावर आहे. तो शब्द कुठे कुठे आडवा येतो ते हिशेबातच दिसेल.

आधी क्लार्कचे बोलणे. ईएसआय हा विमा आहे. त्यात आपली वर्गणी साठत नाही आणि काम गेल्यावर ती परत मिळत नाही. प्रॉव्हिडंट फंडाचे खाते वेगळे, ते साठवणीचे. क्लार्कने दोन्हींचा घोळ घातला आहे. ईएसआयची वर्गणी पगाराच्या 4 टक्के असते. त्यातले 0.75 टक्के कामगाराचे आणि 3.25 टक्के मालकाचे. हे दर 1 जुलै 2019 पासूनचे आहेत. त्याआधी कामगाराचे 1.75 आणि मालकाचे 4.75 टक्के जात. तुमच्याबरोबरच्या एखाद्या जुन्या बाईच्या पूर्वीच्या स्लिपवर मोठा आकडा दिसला तर तो चुकीचा नाही, त्या वेळचा दर तोच होता.

आता तुमचे. 18,000 चे 0.75 टक्के म्हणजे 135. आधीच्या 16,000 वर 120. मार्चअखेर काम सुटले तर मागची दोन वर्षे धरायची, म्हणजे 16,000 चे 12 महिने आणि 18,000 चे 10 महिने. जून-जुलै बिनपगारी, म्हणून त्या दोन महिन्यांची वर्गणी नाही. तुमच्या हिश्शाचे झाले 1,440 आणि 1,350, मिळून 2,790 रुपये. मालकाचा हिस्सा पहिल्या वर्षी दरमहा 520, दुसऱ्या वर्षी 585. तो झाला 12,090. दोन्ही मिळून 14,880. मालकाला आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून वळता करता येत नाही. काही कंत्राटदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच माथी मारतात, तो सरळ गुन्हा आहे.

या निमित्ताने एक युक्ती सांगतो, ती तुमच्या सगळ्या मैत्रिणींना सांगा. पे स्लिपवर ईएसआयच्या रकान्यात जो आकडा आहे त्याला 400 ने गुणा आणि 3 ने भागा. येईल तो पगार मालकाने ईएसआयला दाखवलेला पगार. 135 ला 400 ने गुणले की 54,000, तिनाने भागले की 18,000. तुमचे जुळते. पण एखादीला हातात 15,000 मिळतात आणि स्लिपवर 75 रुपयेच कापलेले दिसतात, तर तिचा पगार 10,000 दाखवला आहे. आज महिन्याला थोडे कमी कापले गेल्याचे बरे वाटते. काम गेल्यावर, आजारी पडल्यावर किंवा बाळंतपणात हाच छोटा आकडा धरून पैसे मिळतात, आणि तेव्हा रडण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

तुमच्या मैत्रिणीने ‘तीन महिने अर्धा पगार’ म्हटले ती योजना म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती 1 जुलै 2018 ला सुरू झाली तेव्हा सरासरी कमाईच्या 25 टक्केच मिळत, आणि त्यासाठी 90 दिवस बिनकामाचे काढावे लागत. कोविडच्या काळात, 24 मार्च 2020 पासून, रक्कम 50 टक्के झाली आणि थांबण्याची मुदत 30 दिवसांवर आली. मिळते जास्तीत जास्त 90 दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. मैत्रीण बरोबर आहे, पण तिचा 27,000 चा आकडा बरोबर नाही. कारण ‘अर्धा पगार’ म्हणजे शेवटच्या पगाराचा अर्धा नव्हे.

हिशेब असा होतो. ईएसआय वर्षाचे दोन वर्गणी काळ पाडते: 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर, आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. काम जाण्याआधीच्या चार वर्गणी काळांतली सगळी कमाई बेरीज करायची आणि तिला 730 ने भागायचे. 730 म्हणजे दोन वर्षांचे दिवस. तुम्ही त्यातले किती दिवस कामावर होता हे इथे विचारलेच जात नाही, भागाकार 730 नेच.

तुमची चार काळांची कमाई: 16,000 चे 12 महिने म्हणजे 1,92,000, 18,000 चे 10 महिने म्हणजे 1,80,000. बेरीज 3,72,000. भागिले 730, रोजची सरासरी 509 रुपये 59 पैसे. त्याचे निम्मे 254 रुपये 79 पैसे. पूर्ण 90 दिवसांचे होतात सुमारे 22,930 रुपये.

जून-जुलैची रजा नसती तर बेरीज 4,08,000 झाली असती आणि 90 दिवसांचे सुमारे 25,150 मिळाले असते. सासूबाईंच्या उशाशी काढलेल्या दोन महिन्यांनी इथे 2,200 रुपये कमी केले. ते चुकले असे मी म्हणणार नाही. मात्र जी माणसे दरवर्षी पावसाळ्यात ‘ब्रेक’ घेऊन घरी बसतात त्यांनी हे नीट समजून घ्यावे: ब्रेकचे महिने बेरजेत शून्य असतात, भागाकारात मात्र पूर्ण असतात.

अटीही बघू. काम जाण्याआधी किमान दोन वर्षे विमा असलेली नोकरी हवी, तुमची आहे. काम जाण्याच्या लगतच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी हवी. ऑक्टोबर ते मार्च तुम्ही पूर्ण केलेत. उरलेल्या तीन काळांपैकी निदान एकात 78 दिवस हवेत. तुमच्या तिन्हींत आहेत. जून-जुलै गेले त्या काळातही एप्रिल, मे, ऑगस्ट, सप्टेंबर धरून 122 दिवस होतात. म्हणजे दिवसांच्या हिशेबात तुम्ही कुठेच अडकत नाही.

अडकू शकता ती पुढच्या अटीत. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, वयोमानाने निवृत्त झालेल्याला आणि स्वेच्छेने निवृत्ती घेतलेल्याला ही मदत मिळत नाही. ‘स्वखुशीने नोकरी सोडत आहे’ असा तुमच्या सहीचा कागद फायलीत असला, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयातल्या माणसाने तो कुठल्या खान्यात टाकावा हे त्याच्या समजुतीवर गेले. तुमची बाजू खरी असूनही तुम्हाला ती सिद्ध करत बसावे लागेल, आणि ती सिद्ध करायला तुमच्याच सहीविरुद्ध बोलावे लागेल.

याहून मोठी गोष्ट अशी की ईएसआयमध्ये दुसरी एक योजना आहे, तिचे नाव तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 पासूनची. कारखाना बंद पडला, कायद्याच्या अर्थाने कामगार कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या इजेमुळे निदान 40 टक्के कायमचे अपंगत्व येऊन काम सुटले, तर तिच्यात बेकारी भत्ता मिळतो. तो 90 दिवसांवर संपत नाही. पहिले 12 महिने सरासरी रोजाच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के, असा 24 महिन्यांपर्यंत चालतो. दुसरे काम लागले की थांबतो. तुमचा रोज ढोबळमानाने 600 धरला तर निम्मा 300, म्हणजे महिन्याला 9,000 च्या आसपास. सहा महिने काम मिळाले नाही तर 54,000. कामगाराचे हित बघायचे तर ‘अटल’पेक्षा ही योजना कितीतरी भक्कम आहे. दोन्हींचे पैसे एकाच काळासाठी घेता येत नाहीत, तेव्हा कपातीचे पत्र हातात असेल तर आधी राजीव गांधी योजनेचे विचारा आणि ती बसली नाही तरच अटलकडे वळा. अटल योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी ती चालू असल्याची खात्री काउंटरवर करून घ्या.

आता कळले ना, तो फॉर्म इतक्या घाईने का पुढे केला? कपात झाली असे लिहून दिले की मालकालाही द्यावे लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या, त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेतही जुन्या कायद्यातली ही तरतूद कायम आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस, त्यात कारण लिहिलेले, किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार. शिवाय दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार, आणि वर्षाच्या वर सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस झाले असतील तर तेही एक वर्ष धरायचे. तुमची चार वर्षे सात महिने म्हणजे इथे पाच वर्षे. 15 दिवसांचे 9,000, पाचाने गुणले की 45,000. तोंडी सांगणे ही नोटीस नव्हे, म्हणून नोटिशीचे 18,000 वेगळे. नव्या संहितेत आणखी एक भर आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने 15 दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा, आणि ते पैसे कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे. तुमचे 9,000.

45,000, 18,000 आणि 9,000 मिळून 72,000. तुमच्यापुढे ठेवलेत 20,000. त्यावर ईएसआयच्या भत्त्याचे दार बंद होते ते निराळेच. ग्रॅच्युइटीला पाच वर्षे लागतात, ती इथे बसत नाही, तेव्हा तिच्या आशेवर कोणी तुम्हाला फिरवत असेल तर ते ऐकू नका.

‘पैसे अडकतील’ ही धमकीही पोकळ आहे. काम सुटले, मग ते कपातीने असो की राजीनाम्याने, दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असे वेतन संहिता सांगते. मार्चच्या पगारासाठी तुम्ही कोणाचे उपकार घेत नाही.

हे सगळे मी इतके जीव तोडून लिहितो आहे त्याला कारण आहे. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि पुन्हा 2018 च्या मार्चमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणींच्या लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर, दुसऱ्यांदा थांबल्या. त्या दोन्ही वेळी डिचोली-सत्तरीतली माणसे माझ्याकडे कागद घेऊन येत. खाणकायद्याखाली येणारी खाण ईएसआयच्या ‘कारखान्या’च्या व्याख्येत बसत नाही, ट्रक तर बहुतेकांचे स्वतःचे, कर्जावर घेतलेले. त्यांच्यासाठी माझ्याकडे सांगण्यासारखे फार थोडे होते. पण त्यांच्याबरोबर खाणीवर अवलंबून असलेल्या एका वर्कशॉपातले नऊ जण आले होते. त्या नऊही जणांचा ईएसआय भरलेला होता, वर्षेही पुरेशी होती. सहा जणांनी आदल्या आठवड्यात राजीनाम्यावर सही करून टाकली होती, कारण गणपतीची चवथ तोंडावर होती आणि साहेबाने पाकीट दाखवले होते. उरलेल्या तिघांना भत्ता मिळाला. सहा जणांसाठी मी दीड वर्ष अर्ज लिहिले, त्यांतल्या एकाचेही काम झाले नाही. त्यांतला एक जण अजून फोंड्याच्या बाजारात भेटतो आणि अजून विचारतो, तेव्हा कोणी सांगितले का नाही.

म्हणून या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. मालकाला एक साधे पत्र लिहा, स्वतःच्या हाताने, मराठीत चालेल. मजकूर असा ठेवा: ‘मला दिनांक अमुक रोजी राजीनाम्याचा फॉर्म देण्यात आला. मी राजीनामा देत नाही. मी काम करायला तयार आहे. काम नसल्याने मला कमी करायचे असेल तर कामगार कपातीचे कारणासह लेखी पत्र, नोटीस किंवा नोटीस पगार, आणि कपातीची भरपाई मिळावी.’ खाली सही, तारीख, टोकन नंबर. दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. सात जणींनी मिळून एकाच दिवशी पाठवलीत तर आणखी बरे. आवाज चढवायची गरज नाही, भांडायचीही नाही. कामावर मात्र 31 मार्चपर्यंत रोज जा आणि हजेरी लावा. दारात अडवले तर त्याच दिवशी पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. कपातीची नोटीस सरकारलाही पाठवावी लागते, तेव्हा ती पाठवली का हेही तिथेच कळेल. तुमच्या नंतर लागलेल्या मुली त्याच कामावर राहिल्या आणि तुम्हाला काढले, तर तेही तक्रारीत लिहा. शेवटी आलेल्याला आधी कमी करायचे, हा कपातीचा सर्वसाधारण नियम आहे.

ज्या चौघींनी सही केली त्यांनाही निरोप द्या. राजीनामा 31 मार्चपासून लागू होणार असेल तर त्या तारखेआधी तो मागे घेता येतो. ‘दबावाखाली सही केली, राजीनामा मागे घेत आहे’ एवढे लिहून पोच घ्यावी. 1 एप्रिल उजाडला की हे दार बंद, म्हणून त्यांच्यासाठी ही तुमच्याहूनही घाईची गोष्ट आहे.

मालक ईएसआयच्या पोर्टलवर महिन्याची वर्गणी भरताना, काम सुटलेल्या माणसापुढे कारण निवडतो. त्या यादीत ‘लेफ्ट सर्व्हिस’, म्हणजे नोकरी सोडली, हे आहे आणि ‘रिट्रेंचमेंट’, म्हणजे कामगार कपात, हेही आहे. तुमच्या नावापुढे ‘रिट्रेंचमेंट’ पडले पाहिजे. मार्चची वर्गणी 15 एप्रिलपर्यंत भरायची असते, तेव्हा त्याआधीच लेखी मागणी करून ठेवा.

ईएसआयचा तुमचा दहा आकडी विमा नंबर काढा. मुलाला सांगितलेत तर तो उमंग ॲपवर किंवा ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगइन करून तुमच्या नावावर महिनावार किती दिवस आणि किती पगार दाखवला आहे ते पाच मिनिटांत काढून देईल. त्यात एखादा महिना कोरा दिसला आणि तुमच्या स्लिपवर त्या महिन्याचे 135 कापलेले असतील, तर ती स्लिप घेऊन शाखा कार्यालयात जा. मालकाने भरले नाहीत म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकते. पण ते दाखवायला स्लिपा हव्यात. त्या टाकून दिल्या असतील तर पगार जमा झालेले बँक पासबुक भरून घ्या.

बायकांचे अर्ज इथे एका फार साध्या कारणाने अडतात. नोकरीला लागताना ईएसआयवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि बँकेत भलतेच स्पेलिंग. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे तिन्ही ठिकाणी नाव जुळले नाही तर मंजूर झालेली रक्कमही परत जाते. तुमचे लग्न नोकरीआधीचे की नंतरचे ते पत्रात नाही, पण आजच तपासा. दुरुस्ती मालकामार्फत सोपी जाते, आणि तुमचे नाव त्याच्या पटावर आहे तोवरच ती खरी सोपी.

काम सुटून 30 दिवस झाले की अटलचा दावा ऑनलाइन करता येतो, त्याला मालकाच्या सहीची गरज उरलेली नाही. राजीव गांधी योजनेसाठी मात्र कपातीचे पत्र घेऊन शाखा कार्यालयातच जा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मे महिन्यात लग्नसराई, मग शाळा, मग पाऊस, असे करत दिवस लांबतात. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात जा.

सासूबाईंसाठी एक दिलासा. ऑक्टोबर ते मार्च या वर्गणी काळाचा लाभ काळ, म्हणजे त्या वर्गणीवर लाभ मिळण्याचा काळ, 1 जुलै ते 31 डिसेंबर असतो, आणि त्याआधीच्या काळाचा 30 जूनपर्यंत चालू आहे. म्हणजे काम 31 मार्चला सुटले तरी तुमचे ईएसआय कार्ड उपचारासाठी डिसेंबरअखेरपर्यंत चालते. मुलाचे, मिस्टरांचे, तुमचे स्वतःचे काही अंगावर काढलेले दुखणे असेल तर ते या नऊ महिन्यांत मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात दाखवून घ्या. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्त्री कामगाराच्या कुटुंबात सासू-सासऱ्यांचाही समावेश केला आहे, तेव्हा सासूबाईंचे नाव कार्डावर आहे का ते बघा आणि नसेल तर घालायला सांगा.

राहिला तुमचा दीर. त्याच्या पगारातून ईएसआय कापत नाहीत हे वाईट. हॉटेलात दहा किंवा जास्त माणसे असतील आणि त्याचा पगार महिन्याला 21,000 पर्यंत असेल, तर त्याला ईएसआय लागू आहे आणि तो भरायची जबाबदारी मालकाची. त्याचा पगार 15,000 धरला तर त्याला महिन्याला 113 रुपये द्यावे लागतील, पैशांतला हिशेब पुढच्या रुपयात धरतात. त्या बदल्यात आज किचनमध्ये हात भाजला तरी पगाराचा मोठा भाग चालू राहील. सीझन संपल्यावरची बेकारी मात्र या योजनांत सहजी बसत नाही, कारण ठरलेल्या मुदतीचे काम मुदतीवर संपले तर ती कपात धरली जात नाही, आणि दोन वर्षांची सलग नोकरी दाखवणे त्याला जड जाईल. त्याने मालकाशी एकट्याने वाद घालू नये. पणजीला पाटोवरच ईएसआयचे प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे हॉटेलचे नाव, पत्ता आणि माणसांची संख्या लिहून अर्ज दिला की तपासणीला माणूस पाठवता येतो. सीझन मेअखेर संपायच्या आत तो अर्ज जायला हवा, नंतर हॉटेलात दहा माणसे सापडणार नाहीत.

कपातीचे पत्र हातात आले की त्याची झेरॉक्स मला पाठवा. त्यातला शब्द बघून, अर्जात काय लिहायचे ते सांगतो.